संमतीविना शरीर : अल्पखर्ची युरोपीय भयपटांतील माथेफिरू शास्त्रज्ञाचा इतिहास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात अल्प भांडवलावर तयार झालेल्या भयपटांना चित्रपटाच्या इतिहासलेखनात दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. सनसनाटी विषय, हिंसा व नग्नता यांच्या बळावर तिकीटविक्री साधणाऱ्या या चित्रपटांसाठी 'एक्सप्लॉयटेशन' ही संज्ञा रूढ झाली. एखाद्या विषयाचा व्यापारी लाभ उठवणे हा या संज्ञेचा एक अर्थ असून शोषण हा तिचा दुसरा अर्थ होय. या दोन्ही अर्थांचा संयोग ज्या पात्रात सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो, ते पात्र म्हणजे माथेफिरू शास्त्रज्ञ.

हे पात्र महायुद्धोत्तर काळाने निर्माण केलेले नाही. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाईन' ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीत 'डॉ. कॅलिगारी' (१९२०) व 'मेट्रोपोलिस' (१९२७) या मूकपटांनी, तर अमेरिकेत जेम्स व्हेल यांच्या 'फ्रँकेन्स्टाईन' (१९३१) या बोलपटाने त्याला पडद्यावर स्थिर केले. तथापि १९५७ नंतर या पात्राच्या वर्तनात एक महत्त्वाचा बदल दिसून येतो. पूर्वी स्मशान व वधस्तंभ येथून मृतदेह मिळवणारा हा शास्त्रज्ञ आता जिवंत माणसांचे, विशेषतः तरुण स्त्रियांचे, शरीर घेऊ लागला. हा बदल का झाला, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) महायुद्धोत्तर युरोपीय भयपटांतील शास्त्रज्ञाच्या प्रतिमेतील बदल तपासणे.
२) या बदलामागील ऐतिहासिक स्मृती, निर्मितीचे अर्थकारण व सेन्सॉरशिप यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) 'संमती' या संकल्पनेच्या आधारे या चित्रपटांचे मूल्यमापन करणे.

न्यूरेंबर्गची पार्श्वभूमी

नाझी डॉक्टरांवरील खटला ९ डिसेंबर १९४६ रोजी न्यूरेंबर्ग येथे सुरू झाला. एकूण २३ आरोपींपैकी १६ जण दोषी ठरले व त्यांपैकी ७ जणांना मृत्युदंड देण्यात आला. छळछावण्यांतील कैद्यांवर झालेले प्रयोग या खटल्यात जगासमोर आले. राव्हेन्सब्रुक येथील छावणीत पोलिश स्त्री-कैद्यांच्या पायांवर मुद्दाम जखमा करून त्यांत जंतुसंसर्ग घडवण्यात आला होता. त्यांपैकी काही स्त्रियांनी न्यायालयात साक्ष दिली. ऑगस्ट १९४७ मधील निकालपत्रात मानवी प्रयोगांसाठी दहा तत्त्वे नमूद करण्यात आली. प्रयोगाधीन व्यक्तीची ऐच्छिक संमती हे त्यांतील पहिले तत्त्व होय.

या घटनेनंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधलेले शरीर हे दृश्य युरोपीय प्रेक्षकासाठी निव्वळ कल्पित राहिले नाही. प्रयोग करणारी व्यक्ती विक्षिप्त एकांतवासी नसून विद्यापीठात शिकलेला प्रतिष्ठित डॉक्टर असू शकते, हे सिद्ध झाले होते. गंभीर चित्रपटांनी या विषयाला हात घालण्यास वेळ घेतला. स्वस्त भयपटांनी मात्र तो परकाळ, परदेश व राक्षस यांच्या वेषात पडद्यावर आणला.

अल्प भांडवल आणि नवा शास्त्रज्ञ

१९५७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. ब्रिटनमधील हॅमर या कंपनीने सुमारे ६५,००० पौंड खर्चात 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाईन' हा रंगीत चित्रपट काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर होते. १९३१ च्या चित्रपटातील राक्षसाची रंगभूषा युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीची असल्याने हॅमरला राक्षसाचा नवा चेहरा घडवावा लागला. परिणामी कथेचे केंद्र राक्षसाकडून त्याच्या निर्मात्याकडे सरकले. पीटर कुशिंग यांनी साकारलेला फ्रँकेन्स्टाईन सुसंस्कृत, नेटका व थंड रक्ताचा आहे. १९३१ मध्ये मेंदू वैद्यकीय महाविद्यालयातून चोरला गेला होता. येथे फ्रँकेन्स्टाईन एका वृद्ध प्राध्यापकाला घरी पाहुणा म्हणून बोलावतो आणि मेंदूसाठी त्याचा खून करतो.

त्याच वर्षी इटलीत रिकार्दो फ्रेदा यांचा 'इ वांपिरी' प्रदर्शित झाला. चित्रीकरण अपुरे असताना फ्रेदा बाहेर पडले व छायालेखक मारिओ बाव्हा यांनी ते पूर्ण केले. नावात रक्तपिपासू असले तरी कथेत अलौकिक काहीही नाही. एका वृद्ध उमराव स्त्रीचे तारुण्य टिकवण्यासाठी एक वैज्ञानिक पॅरिसमधील तरुणींचे रक्त काढतो. जॉर्जो फेर्रोनी यांच्या 'इल मुलिनो देल्ले दोन्ने दि पिएत्रा' (१९६०) या इटालियन-फ्रेंच सहनिर्मितीतही आजारी मुलीला जगवण्यासाठी इतर मुलींचे रक्त वापरले जाते व त्यांच्या देहांचे पुतळे केले जातात. एका जीवासाठी दुसऱ्या जीवाचा कच्च्या मालासारखा उपयोग हे या कथांचे समान सूत्र आहे.

फ्रान्झ्यू : निर्मात्यांना असलेली जाणीव

जॉर्ज फ्रान्झ्यू यांचा 'ले झ्यू सां व्हिसाज' (चेहऱ्याविना डोळे, १९६०) हा या परंपरेतील सर्वश्रेष्ठ चित्रपट मानला जातो. प्रख्यात शल्यविशारद जेनेसिए यांच्या बेदरकार वाहनचालनामुळे त्यांच्या मुलीचा चेहरा विद्रूप झालेला आहे. तिला नवा चेहरा देण्यासाठी ते अन्य तरुणींचे चेहरे काढून घेतात. सावज म्हणून निवडलेल्या एका परक्या विद्यार्थिनीला पॅरिसमध्ये भाड्याची खोली मिळवून देण्याचे आमिष दाखवले जाते. मोठ्या शहरात जिच्यामागे विचारणारे कोणी नाही, तीच निवडली जाते.

निर्मितीच्या वेळी फ्रान्झ्यू यांना तीन सूचना मिळाल्याचे प्रसिद्ध आहे : फ्रेंच सेन्सॉरसाठी रक्त टाळावे, इंग्रज सेन्सॉरसाठी प्राण्यांचा छळ टाळावा आणि जर्मन सेन्सॉरसाठी माथेफिरू डॉक्टर टाळावा. यांतील तिसरी सूचना ऐतिहासिक दृष्ट्या विशेष बोलकी आहे. जर्मन प्रेक्षकाला हे पात्र काय आठवून देईल, हे चित्रपट-व्यावसायिकांना ठाऊक होते. म्हणून छळछावण्यांची स्मृती व हे पात्र यांतील संबंध समीक्षकांनी मागाहून जोडला, असे म्हणता येत नाही.

या चित्रपटात मुलीची संमतीही विचारलेली नाही. तिच्यावरील प्रत्येक शस्त्रक्रिया वडिलांच्या इच्छेने होते. अखेरीस ती बंदिवान तरुणीला मुक्त करते, प्रयोगासाठी कोंडलेले कुत्रे सोडते आणि तेच कुत्रे डॉक्टरांचा अंत करतात. बळी आणि लाभार्थी या दोघींचे शरीर एकाच अधिकाराखाली आहे, ही जाण या शेवटात दिसते.

ऑर्लोफ : हुकूमशाहीतील भयपट

स्पेनमध्ये जनरल फ्रँको यांची हुकूमशाही असताना दिग्दर्शक हेसुस फ्रँको (१९३०-२०१३) यांनी 'ग्रितोस एन ला नोचे' (१९६२) हा स्पॅनिश-फ्रेंच सहनिर्मितीचा चित्रपट केला. हुकूमशहा व दिग्दर्शक यांचे नामसाम्य योगायोगाचे आहे. स्पॅनिश भयपटाच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः याच कृतीपासून मानतात. कथानक फ्रान्झ्यू यांच्या चित्रपटाशी जवळचे आहे. डॉ. ऑर्लोफ आपल्या विद्रूप मुलीसाठी रात्रीच्या मनोरंजनगृहांतील स्त्रियांचे अपहरण करतो. त्याचा आंधळा सेवक मॉर्फो हा एकेकाळचा कैदी असून ऑर्लोफ तुरुंगात डॉक्टर होता. डॉक्टर, तुरुंग आणि ताब्यातील कैदी हे तीन घटक एकत्र येताच जुनी स्मृती जागी होते.

ऑर्लोफच्या भूमिकेतील स्विस अभिनेते हॉवर्ड व्हर्नन यांनी ज्याँ-पिएर मेलव्हिल यांच्या 'ल सिलांस द ला मेर' (१९४९) या चित्रपटात जर्मन अधिकाऱ्याची प्रमुख भूमिका केली होती. कथा १९१२ मधील फ्रान्समध्ये घडते. स्पेनमध्ये असे काही घडते हे दाखवणे सेन्सॉरला मान्य होणे कठीण होते. हाच न्याय पुढेही दिसतो. 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' (१९६८) या चित्रपटात पॉल नाश्ची यांनी रंगवलेला लांडगामानव पोलिश ठरवावा लागला, कारण स्पॅनिश माणूस लांडगा होणे सेन्सॉरला नामंजूर होते. राक्षस नेहमी परका असावा, असा हा आग्रह होता.

दोन आवृत्त्या आणि शोषणाचा दुसरा अर्थ

या चित्रपटांची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अल्प खर्च भरून काढण्यासाठी एकच चित्रपट अनेक देशांत विकणे आवश्यक असे आणि प्रत्येक देशाची सेन्सॉरशिप वेगळी होती. म्हणून स्पेनमध्ये 'दुहेरी आवृत्ती'ची प्रथा पडली. देशांतर्गत प्रदर्शनासाठी वस्त्रे घातलेल्या स्त्रियांची, तर निर्यातीसाठी नग्न दृश्यांची आवृत्ती तयार होई. ऑर्लोफच्या फ्रेंच आवृत्तीतही अशी दृश्ये होती. स्पेनमधील चित्रपट-सेन्सॉरशिप १९७७ मध्ये संपुष्टात आली.

विक्रीसाठी चित्रपटांचीच चिरफाड होत असे. फ्रेदा यांच्या चित्रपटात अमेरिकन वितरकांनी नवी दृश्ये घुसडली. फ्रान्झ्यू यांचा चित्रपट १९६२ मध्ये अमेरिकेत कापून, डब करून 'द हॉरर चेंबर ऑफ डॉ. फॉस्टस' या नावाने दाखवला गेला. नाश्ची यांच्या चित्रपटाचे नाव तेथे 'फ्रँकेन्स्टाईन्स ब्लडी टेरर' झाले, जरी त्यात फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस नव्हता.

येथे एक गंभीर विसंगती उभी राहते. स्त्रीच्या शरीराचे तुकडे करून त्यांचा उपयोग करणारा डॉक्टर कथेत गुन्हेगार ठरतो. त्याच शरीराचे दर्शन बाजाराच्या मागणीनुसार घटवणारा-वाढवणारा निर्माता मात्र व्यावसायिक म्हणवला जातो. मेल वेल्स यांच्या 'लेडी फ्रँकेन्स्टाईन' (१९७१) मध्ये शल्यविशारद स्त्रीच प्रयोगकर्ती होते, ही भूमिकांची उलथापालथ लक्षणीय आहे. परंतु जाहिरातीचा भर तिच्या बुद्धीपेक्षा देहावरच राहिला. भय विकणाऱ्या चित्रपटाने ज्या कृत्याचा निषेध केला, त्या कृत्यातूनच नफाही मिळवला.

उत्तरकाळ

हेसुस फ्रँको यांनी १९८८ मध्ये 'ले प्रेदातर द ला न्युई' या चित्रपटात हेच कथानक पुन्हा हाताळले. यात चेहरा बदलण्यासाठी ज्याची मदत घेतली जाते, तो डॉक्टर उघडपणे माजी नाझी आहे. छोट्या भूमिकेत व्हर्नन हेही ऑर्लोफ म्हणून दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वी वेषांतर करून आलेली गोष्ट येथे आपल्या नावाने समोर आली.

विज्ञानाच्या इतिहासाने याला वेगळा शेवट दिला. चेहऱ्याचे पहिले अंशतः प्रत्यारोपण नोव्हेंबर २००५ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे झाले, तर २०१० मध्ये बार्सिलोना येथे संपूर्ण चेहऱ्याचे प्रत्यारोपण करण्यात आले. ज्या दोन देशांच्या पडद्यावर हे कृत्य अमानुष म्हणून दिसले होते, तेथेच ते उपचार म्हणून साकार झाले. दोहोंमधील भेद केवळ तंत्रज्ञानाचा नाही. फ्रान्समध्ये शस्त्रक्रियेपूर्वी नैतिक समित्यांत चर्चा झाली, मेंदूमृत दात्याच्या आप्तांची अनुमती घेतली गेली आणि रुग्णाने जोखीम समजून होकार दिला. जेनेसिए आणि ऑर्लोफ यांच्या प्रयोगशाळेत नेमके हेच नव्हते.

निष्कर्ष

१) १९५७ नंतरच्या अल्पखर्ची युरोपीय भयपटांत शास्त्रज्ञाचा अपराध 'ईश्वरी अधिकारात हस्तक्षेप' या कल्पनेकडून 'संमतीविना शरीराचा वापर' या कल्पनेकडे सरकला.
२) या स्थित्यंतरामागे नाझी प्रयोगांची स्मृती कार्यरत होती व चित्रपट-व्यावसायिकांना तिची जाणीव होती.
३) अल्प भांडवल व सेन्सॉरशिप यांमुळे ही स्मृती थेट न येता परदेश, परकाळ व राक्षस यांच्या रूपात आली.
४) याच निर्मितीव्यवस्थेने स्त्री-शरीराचा व्यापारी वापर केला. म्हणून हे चित्रपट शोषणाचे साक्षीदार आहेत, तसेच त्याचे भागीदारही आहेत.

निकृष्ट समजल्या गेलेल्या कलाकृती इतिहासाची साधने म्हणून वाचताना ही दोन्ही अंगे एकत्र पाहणे आवश्यक ठरते. केवळ कलात्मक गौरव केल्यास त्यांतील शोषण झाकले जाते. केवळ निषेध केल्यास, प्रतिष्ठित समाज बोलण्यास कचरत असताना स्वस्त पडद्याने विचारलेला प्रश्न हरवतो. ज्ञानाची किंमत कोणाच्या शरीराने चुकवायची आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न होय.