खाणकामगारांची ग्रंथालये

कोळशापासून दूर जाण्याची चर्चा आज बहुधा कार्बनच्या हिशेबात होते. दक्षिण वेल्सचा इतिहास वाचताना हा हिशेब आम्हांला अपुरा वाटतो. १९१३ साली तेथील खोऱ्यांतून सुमारे ५.७ कोटी टन कोळसा निघाला. तो काढणाऱ्यांनी मजुरीच्या दर पौंडामागे काही पेनी बाजूला ठेवून स्वतःची सभागृहे आणि ग्रंथालये उभारली. ट्रेडेगरच्या अशाच ग्रंथालयात अन्यूरिन बेव्हन हा तरुण खाणकामगार वाचता झाला. पुढे आरोग्यमंत्री म्हणून १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करताना त्याच्यासमोर नमुना होता तो त्याच गावच्या कामगारांच्या वैद्यकीय साहाय्य मंडळाचा.

खाणी बंद पडत गेल्या तशी या संस्थांची वर्गणी आटली आणि ग्रंथसंग्रह विकले गेले. उरलेसुरले वाचवण्यासाठी १९७३ मध्ये स्वान्सी येथे खाणकामगारांचे ग्रंथालय स्थापन झाले. १९८४-८५चा संप फसल्यावर बहुतेक उरलेल्या खाणीही गेल्या. त्या बंदीमागे हवामानाची चिंता नव्हती, नफ्यातोट्याचा निकष होता; आणि निर्णय खोऱ्यांबाहेर झाला होता.

टॉवर कोलियरीचा अपवाद म्हणूनच महत्त्वाचा. १९९४ मध्ये बंद झालेली ही खाण २३९ कामगारांनी नुकसानभरपाईतले प्रत्येकी ८,००० पौंड घालून विकत घेतली आणि जानेवारी १९९५ ते जानेवारी २००८, म्हणजे साठा संपेपर्यंत, चालवली. ही कोळशातून सुटका नव्हे, हे खरे. पण शेवट कधी व कसा हे या वेळी कामगारांनी ठरवले. पुढे आमन आणि तावे नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत, जुन्या कोळसापट्ट्यातच, लोकांच्या भागभांडवलातून दोन पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०१७ पासून त्या एका सहकारी संस्थेच्या मालकीने वीज देत आहेत. वर्गणीची जुनी रीत येथे नव्या रूपात परतलेली दिसते.

ब्रिटनमधील शेवटचे कोळसा-वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. कार्बनच्या वहीत ही जमेची नोंद आहे. विकल्या गेलेल्या ग्रंथांची नोंद मात्र त्या वहीत नाही. हवामान-न्याय या शब्दातील न्याय आम्ही तेथे शोधतो : काय बंद करायचे याबरोबरच, लोकांनी उभारलेले काय टिकवायचे आणि ते कोणी ठरवायचे? चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्याविषयी लिहिताना हा प्रश्न आपल्यालाही खाणी चालू असतानाच विचारावा लागेल.