घामाचा हिशेब : एक पौंड धान्य ते मनगटावरचे घड्याळ

संध्याकाळी अर्धा तास भरभर चालून आल्यावर मनगटावरचे घड्याळ आकडा दाखवते : ११० कॅलरी. आपण त्याकडे वजन उतरवण्याच्या दृष्टीने पाहतो. मात्र कोणत्या श्रमाला किती ऊर्जा लागते, या प्रश्नाचा भारतातील इतिहास व्यायामशाळेत घडलेला नाही. तो दुष्काळी कामांवर, कारागृहांच्या शिध्यात आणि दारिद्र्यरेषेच्या वादात घडला आहे.

या शास्त्राचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. १७८० च्या दशकात आंत्वान लाव्हाझिये यांनी लाप्लास यांच्यासह गिनीपिगच्या देहातील उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असे दाखवले. पुढे त्यांनी सहकारी सेगँ याच्यावर प्रयोग करून विश्रांतीत, जेवणानंतर आणि श्रम करताना माणूस किती ऑक्सिजन वापरतो हे तपासले. श्रम वाढले की ऑक्सिजनचा वापर वाढतो, हे स्पष्ट झाले. तेव्हा लाव्हाझिये यांना एक सामाजिक विसंगतीही जाणवली : ज्याला सर्वाधिक इंधन लागते त्या कष्टकऱ्याच्याच ताटात ते सर्वांत कमी का? १७९४ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. प्रश्न मागे राहिला.

तो प्रश्न १८७७ मध्ये आपल्या दारी आला. दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ होता. खर्चकपातीसाठी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबाने ठरवली. जोडीला अगदी थोडी रोकड, आणि स्त्रिया व मुलांना त्याहूनही कमी. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी याला ठाम विरोध केला. किमान दीड पौंड धान्य आणि त्यासोबत डाळ व भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे मद्रास सरकारला शिधा काहीसा वाढवावा लागला.

या वादात कोण बरोबर होते, हे आज आपण स्वतः मोजू शकतो. १८९० च्या दशकात अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर यांनी माणसाला बंदिस्त उष्मामापक खोलीत दिवसचे दिवस ठेवले आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मानवी देहालाही लागू पडतो, हे दाखवले. देहाने वापरलेल्या एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते. (बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो, ती वास्तविक किलोकॅलरी असते.) स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी खर्च करतो. भरभर चालताना याच्या साडेतीनपट, तर माती खणताना पाचपट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते.

आता १८७७ चा मजूर घेऊ. त्याचे वजन ५० किलो मानू. आठ तास खणण्याचे सुमारे २,००० किलोकॅलरी. उरलेल्या सोळा तासांत तो काहीही न करता पडून राहिला, तरी आणखी सुमारे ८०० लागतात. म्हणजे एकूण गरज २,८०० ची. एक पौंड, अर्थात ४५४ ग्रॅम तांदळातून मिळतात सुमारे १,६००. उरलेली तूट भरून निघते ती त्याच्याच मांसातून. डॉ. कॉर्निश यांच्याजवळ ही कोष्टके नव्हती, तरी त्यांचे निदान अचूक होते.

भारतीय अन्नाचे पद्धतशीर मापन विसाव्या शतकात सुरू झाले. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे आरंभलेल्या कार्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे पुढील संचालक वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका सिद्ध केली. बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचेही ते सदस्य होते. १९५८ मध्ये हैदराबादला हललेली हीच संस्था म्हणजे आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

स्वातंत्र्यानंतर हा आकडा थेट धोरणात आला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २,२५० कॅलरींचा आधार घेऊन दारिद्र्य मोजले. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० हे निकष स्वीकारले. खेड्यातला माणूस अधिक अंगमेहनत करतो, हे या फरकामागचे मुख्य कारण. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची गरजही काळानुसार बदलते, म्हणून सरासरीलाच किमान मर्यादा मानले तर भुकेल्यांची संख्या फुगते, असा त्यांचा युक्तिवाद होता. उलट पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी बजावले की, कमी अन्नाशी जुळवून घेणारा देह त्याची किंमत खुंटलेल्या वाढीने आणि घटलेल्या कार्यशक्तीने मोजत असतो.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ऊर्जेच्या ताळेबंदात सवलत नसते. आवक कमी असेल तर देह तीन ठिकाणीच काटकसर करू शकतो : वजनात, वाढीत किंवा कामात. यांपैकी काय गेले हे न पाहता 'माणूस जगतो आहे ना' असे म्हणणे म्हणजे अर्धाच हिशेब तपासणे होय.

२०२० च्या भारतीय शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या जीवनात दिवसाला २,११० आणि जड श्रमात ३,४७० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतील अंतर हे घामाचे मोल आहे. आज रात्री घड्याळ काढून ठेवताना एवढेच आठवावे : आपण ज्या ११० कॅलरी जाळून समाधान मानतो, तेवढ्याच ऊर्जेसाठी कुणी तरी कधी काळी सरकारशी भांडले होते.