अक्षर आधी की गोष्ट आधी?

आजचा विषय आपल्या प्रत्येकीच्या घरातला आहे. मूल वाचायला कसं शिकतं आणि त्याला कसं शिकवावं? आजी म्हणते, "आधी मुळाक्षरं पाठ कर, मग बाराखडी, मग पुस्तक." शाळेतल्या बाई म्हणतात, "आधी गोष्ट ऐकू दे, चित्रं बघू दे, अक्षरं हळूहळू येतील." मधल्यामधे आईचा गोंधळ उडतो. कुणाचं ऐकायचं? हा वाद आपल्या उंबऱ्याच्या आतला वाटतो, पण तो दोनशे वर्षं जुना आहे आणि साता समुद्रापलीकडेही झालेला आहे. आज त्याची हकिकत सांगतो.

जुनी हकिकत आता कशाला, असं कुणी विचारेल. 'असर' नावाची एक पाहणी २००५ पासून होते. तिच्यात माणसं खेड्यातल्या घरोघरी जातात आणि मुलांना वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट नीट वाचता आली. बाकीची मुलं रोज शाळेत जातात, पाटी-दप्तर घेऊन जातात. पण चौथी-पाचवीत सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात, तिथे ती अडतात. मग शाळा नकोशी होते. म्हणून हा वाद फक्त पंडितांचा नाही.

आता मागे जाऊ. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात भरायच्या. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. हीच धूळपाटी. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्द आपण अजून वापरतो. गिरवताना तोंडाने घोकायचं. हिशेब आणि पत्रं मोडी लिपीत, पोथ्या बाळबोध लिपीत. शिकणारे बहुतेक मुलगे, तेही ठरावीक जातींचे. मुलींना तिथे जागा नव्हती.

या धुळीची एक गंमत आहे. १७८९ साली मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथाश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. तिथल्या एका गावठी शाळेत त्याने मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिली. त्याने तीच रीत आपल्या मुलांना लावली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, असं ठरवलं. १७९७ साली त्याने त्यावर पुस्तक छापलं. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही अशाच शाळा चालवल्या. १८२२ साली मुंबईत शाळा आणि पुस्तकं काढण्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली, तिने लँकेस्टरची ही पद्धत इथे आणली. म्हणजे आपलीच धूळ विलायतेला जाऊन नवं नाव घेऊन परत आली.

त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत मात्र भांडण पेटलं. होरेस मान हे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होते. १८४३ साली ते युरोपातल्या शाळा बघून आले. त्यांचं म्हणणं असं, की सुटी अक्षरं घोकून मूल कंटाळतं, त्याला आधी अख्खे, अर्थाचे शब्द दाखवा. बोस्टनचे ३१ मुख्याध्यापक चिडले. १८४४ साली त्यांनी उत्तर छापलं, की अक्षर आणि आवाज शिकवल्याशिवाय मूल नवा शब्द वाचणार कसं? पुढे कधी एक बाजू वर, कधी दुसरी. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी पुस्तक लिहून पालकांना सांगितलं, की तुमच्या मुलांना वाचता येत नाही, कारण शाळांनी अक्षरांचे आवाज शिकवणं सोडून दिलं. १९६७ साली जीन चॉल या बाईंनी तोवर झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की सुरुवातीला अक्षर-आवाजाचं नातं उघडपणे शिकवलेलं बरं. २००० साली अमेरिकेच्या एका राष्ट्रीय समितीनेही तेच सांगितलं. पण तिने एक जोडही दिली. आवाजांबरोबर शब्दसाठा हवा, सरावाने ओघ यायला हवा आणि वाचलेलं समजायला हवं.

इंग्रजीत हे भांडण जोरात होण्याचं एक कारण आहे. तिथे अक्षरं २६ च, पण एकच अक्षर कधी एक आवाज देतं, कधी दुसरा. आपलं तसं नाही. आपला 'क' बहुतेक 'क'च बोलतो. पण आपल्यापुढे दुसरा डोंगर आहे. त्या 'क'ला काना लागतो, वेलांटी लागते, उकार लागतो, मात्रा लागते. मग जोडाक्षरं येतात. शेकडो आकार ओळखावे लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, तिथेही लिपीची रचना अशीच आहे. त्यांना दिसलं, की ही सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथीपर्यंत वेळ लागतो. तेव्हा पहिलीतल्या पोराला जोडाक्षर अडलं म्हणून त्याला 'ढ' म्हणू नका.

आपल्याकडे या वादाला आणखी एक बाजू होती. ती म्हणजे शिकवायचं कुणाला? १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. शिकवायचं काय, तेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची माहिती, आरोग्याचे नियम. शिक्षक शेतकरी समाजातून घ्यावेत, ज्यांना नांगर धरायची लाज वाटणार नाही. वाचन हे पोराच्या घराशी आणि कामाशी जोडलेलं हवं, हा विचार त्यात आहे.

हा विचार बालवाडीपर्यंत नेला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांनी आपलीशी केली. त्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, मूल त्यावर बोट फिरवतं आणि आवाज म्हणतं. बघा, बोट पुन्हा आलंच, पण छडीशिवाय. १९३६ साली दादरला शिशुविहार निघालं. पण ही महागडी साधनं गरिबाच्या पोराला कुठून मिळणार? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. १९५७ साली त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पानं यांचीच साधनं केली. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज आपल्या गावात जी अंगणवाडी आहे, तिच्या नावामागे ही गोष्ट आहे.

तोवर मराठी शाळांतही दोन-तीन रीती आल्या होत्या. मास्तरांच्या प्रशिक्षणात त्यांना अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती म्हणतात. अक्षरपद्धतीतही सुधारणा झाली. 'क ख ग घ' या क्रमाऐवजी 'ग म भ न' असा क्रम आला, कारण ही अक्षरं दिसायला एकमेकांसारखी आणि काढायला सोपी. दोन्ही रीतींचे दोष आपण घरी पाहिलेले आहेत. एक मूल अंकलिपी धडाधड म्हणतं, पण मधलंच अक्षर विचारलं की पहिल्यापासून म्हणत येतं. दुसरं मूल पुस्तकाचं पान सुरेख वाचतं, पण चित्रावर हात ठेवला की गप्प होतं. पहिल्याने आवाज पाठ केले, दुसऱ्याने पान पाठ केलं. वाचायला दोघंही शिकली नाहीत.

मग करायचं काय? २०१३ ते २०१६ या काळात वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात पहिली ते तिसरीच्या मुलांचा अभ्यास झाला. त्यात दिसलं, की वर्गातला बराच वेळ फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळ्या स्वरचिन्हांची ओळख, या क्रमात इतका काळ जातो, की अर्थाचं काही वाचायची पाळीच येत नाही. यावर एक सोपा मार्ग आहे, त्याला वर्णसमूह म्हणतात. थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकदमच शिकवायचं. समजा म, क, ल आणि काना घेतला. लगेच मामा, काका, काम, माल, मका हे शब्द तयार होतात. "काका, मला मका" इतकं मूल स्वतः वाचू शकतं. अक्षरही आलं आणि अर्थही आला. दोनशे वर्षांच्या वादाचं उत्तर आम्हाला इथे दिसतं. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं दिसलं होतं. मुलाला दोन्ही हवंय, आणि पहिल्याच महिन्यापासून एकत्र हवंय.

यात अक्षरांचं काम शाळेने नेटाने करायला हवं. पण अर्थाचं भांडार कुठे आहे? ते आपल्या घरात आहे, मैत्रिणींनो. जो शब्द मुलाने कधी ऐकलाच नाही, तो वाचता आला तरी कळत नाही. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, शेतातली नावं, आजीच्या गोष्टी, हे सगळं ऐकलेलं मूल वाचताना पुढे असतं. आपली बोली अशुद्ध म्हणून पोराला गप्प बसवू नका. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या लोकांच्या बोलीचा अभ्यास केला आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलाची घरची भाषा हे त्याचं भांडवल आहे, हे त्यांच्या कामातून शिकता येतं.

"पण आम्हीच शिकलो नाही, आम्ही काय करणार?" असं कुणी म्हणेल. मुंबईत आणि वडोदऱ्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी 'बालसखी' नावाचा कार्यक्रम झाला. वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. त्या पदवीधर शिक्षिका नव्हत्या. तपासणी झाली तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले, आणि सगळ्यात जास्त फायदा मागे राहिलेल्यांना झाला होता.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीआधी तीन गोष्टी करून बघा. पहिली, मुलाला रोज विचारा, "आज काय वाचलंस, मला सांग." तुम्हाला अक्षर येत नसलं तरी हे विचारता येतं. दुसरी, तुमची एखादी ओवी किंवा गोष्ट सांगा आणि मुलाला ती लिहायला लावा. चुका होऊ द्या. मग त्यालाच वाचायला सांगा. तिसरी, गटातल्या शिकलेल्या मुलीकडून एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द आणि चार ओळींचा उतारा लिहून घ्या. चित्र नको. मूल कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळेल.

आणि शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. कायद्याने तिच्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे बसल्यावर फक्त खिचडी आणि रंगरंगोटीवर बोलू नका. "तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो?" हे विचारा. भांडणाच्या सुरात नको, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा. ज्या मुलांना येत नाही त्यांच्यासाठी काय करणार, तेही विचारा. आणि रोज अर्धा तास गोष्ट सांगायला आपल्यातली कुणी जाऊ शकते का, हे बैठकीत ठरवून घ्या.