नदीचा हिशेब कोणाच्या हाती? – केंद्रीय जल आयोगाची पूर्वकथा

माझा एक विद्यार्थी अभियांत्रिकीची पदवी घेऊन सध्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवेत जावे, अशी त्याची इच्छा आहे. परवा तो टिपणवही घेऊन घरी आला. त्याने नेटक्या अक्षरात लिहिले होते : 'केंद्रीय जल आयोग. स्थापना ५ एप्रिल १९४५. पहिले अध्यक्ष ए. एन. खोसला.' तारीख बरोबर, नावही बरोबर. पण हा आयोग ज्या खात्यातून जन्मला ते खाते त्या वेळी कोणाकडे होते, याविषयी वहीत एक ओळही नव्हती. आणि हा मुलगा दर जयंतीला वस्तीत भाषण करतो! दोष त्याचा नाही. महाडच्या तळ्यावरचे बाबासाहेब आपण घराघरात नेले. दामोदर-महानदीचा विचार करणारे बाबासाहेब मात्र बहुतांशी सरकारी फायलींत राहिले.

जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. 'मजूर खाते' या नावामुळे आपली समजूत कामगार कायद्यांपाशीच थांबते. परंतु त्या खात्याकडे पाटबंधारे, वीज, खाणी आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बंगालमध्ये बांध फोडला. लोहमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड तुटले. महायुद्ध ऐन भरात असताना कलकत्त्याचा उत्तरेशी असलेला मुख्य मार्गच बंद पडला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्यानंतर १९४४ मध्ये बंगाल सरकारने बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली पूरचौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे एक सदस्य होते. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर दामोदरसाठीही यंत्रणा उभारावी, असे या समितीने सुचविले.

येथे खरी अडचण होती ती सत्तेच्या वाटणीची. १९३५ च्या कायद्याने पाणी आणि पाटबंधारे हा प्रांतांचा विषय ठरविला होता. दामोदर उगम पावते छोटा नागपूरच्या पठारावर, म्हणजे त्या वेळच्या बिहार प्रांतात, आणि पूर येतो बंगालमध्ये. बंगालचा पूर थांबावा म्हणून बिहारने आपली जमीन पाण्याखाली का घालावी? जानेवारी आणि ऑगस्ट १९४५ मध्ये कलकत्त्यात झालेल्या परिषदांत बाबासाहेबांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एकत्र बसविले. केवळ बांध उंच करून भागणार नाही. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्रित विचार झाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. टेनेसीचा अनुभव असलेले अभियंते वूरडुइन यांनी आराखडा तयार केला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

याच विचारातून एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग उभा राहिला. प्रांत आपापल्या हद्दीपुरते पाहत असताना संपूर्ण खोऱ्याची मोजणी व आखणी करू शकेल असे कायमचे तज्ज्ञ मंडळ देशाजवळ असावे, हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी ओरिसाच्या पुरांविषयी हाच विचार मांडला : जादा पाणी हे संकट म्हणून समुद्रात ढकलायचे नसते, ते साठवून माणसाच्या कामी लावायचे असते. महानदीवरील हिराकुड धरण हे या विचाराचे पुढचे पाऊल होय. १९५१ मध्ये या आयोगात वीज आयोग विलीन झाला. १९७४ मध्ये दोन्ही पुन्हा वेगळे होऊन आजचा केंद्रीय जल आयोग झाला. नद्यांची पातळी मोजणे, पुराचे अंदाज देणे, राज्यांचे मोठे प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या तपासणे ही कामे आज हाच आयोग करतो.

आता दुसरी फाईल उघडू. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांची मागणी होती, तशीच विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांचीही होती. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९४६ मध्ये त्या १२½ टक्के झाल्या. आपले अभ्यासक या दोन फायली वेगवेगळ्या वाचतात. मला वाटते, त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. नदीचा हिशेब तज्ज्ञांनी ठेवायचा, आणि त्या तज्ज्ञांत आपलाही माणूस असायचा!

हे मला पुस्तकातून कळण्याआधी घरातून कळले. माझे वडील पाटाच्या खोदकामावर रोजंदारीने माती वाहत. पाटाचा उतार त्यांना पायाला कळे, पण दुर्बीण लावून तो ठरविणारे दुसरे. पाणी आले तेव्हा ते आमच्या वस्तीजवळून पुढे उसाच्या मळ्यात गेले. श्रम आमचे आणि आखणी त्यांची, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

बाबासाहेबांचे नाव घेतले म्हणून प्रत्येक धरण मात्र पवित्र ठरत नाही. हिराकुडच्या जलाशयाने दोनशेहून अधिक गावांना उठविले. दामोदर खोऱ्यातील मैथन आणि पंचेत धरणांनी संथाळांच्या जमिनी बुडाल्या. बाबासाहेब १९४६ मध्येच त्या पदावरून गेले होते. बांधकाम पुढच्यांनी केले. तरीही बुडालेल्यांचा प्रश्न आपण टाळता कामा नये, कारण त्यांत आपलीच माणसे आहेत. दुसरीकडे, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य नद्यांसाठी नदीमंडळांची तरतूद केली, पण त्या कायद्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. सिंचन राज्यांच्याच हाती राहिले, आणि राज्यांत ते कोणाच्या हाती आहे हे सांगायला नको.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात या काळातील त्यांची भाषणे आहेत. आपल्या अभ्यासवर्गांत तो खंड वाचला जावा. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील धरणाचे कागद मागावेत : जमीन कोणाची गेली, पाणी कोणाला मिळाले, आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांत आपले किती आहेत आणि राखीव जागा किती रिकाम्या आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या वहीत मी एक ओळ वाढवली : 'खात्याचे प्रमुख – डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.' त्याने ती वाचली आणि विचारले, "सर, हे परीक्षेत विचारतील का?" मी म्हणालो, "न विचारोत. पण त्या खुर्चीवर बसशील तेव्हा हे तुला ठाऊक असले पाहिजे."