क्लब कुणाचा? ब्लॅकबर्न आणि पुण्याची गोष्ट

‘हे माझं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हा आज आपल्यापुढचा प्रश्न आहे. तो आपण फुटबॉलच्या मैदानावर नेऊन बघू. इंग्लंडचे मोठे क्लब परदेशी धनिकांनी घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. २००३ साली चेल्सी रशियाच्या अब्रामोविच यांच्याकडे गेला, २००५ साली मँचेस्टर युनायटेड अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाकडे, २००८ साली मँचेस्टर सिटी अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्याकडे. पण आपल्याला जवळचं उदाहरण ब्लॅकबर्न रोव्हर्सचं. कारण त्याचे मालक पुण्याचे.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं गाव. एकेकाळी तिथल्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात. स्वदेशीच्या काळात तिथे बेकारी वाढली, आणि १९३१ साली गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले. अशा गावात १८७५ साली हा क्लब निघाला. १८८४, ८५ आणि ८६ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने एफ. ए. कप जिंकला. १८८८ साली बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली, त्यांत हा एक होता. म्हणजे गिरण्या बंद पडल्या तरी गावाचं नाव ज्याने टिकवलं, तो हा क्लब.

आता बघा, कायद्याने हे क्लब तेव्हाच कंपन्या झाले होते. पण फुटबॉल असोसिएशनचा एक नियम होता. संचालकाने पगार घ्यायचा नाही आणि भागधारकाला ठरावीक मर्यादेपलीकडे लाभांश द्यायचा नाही. नियमाचा अर्थ स्पष्ट आहे. तुम्ही शेअर घ्या, मान घ्या, पण क्लब हे कमाईचं साधन नव्हे. १९८३ साली लंडनच्या टॉटनहॅमने क्लबाच्या वर दुसरी कंपनी उभारली, तिचे शेअर बाजारात आणले आणि या नियमाला वळसा घातला. हे लक्षात ठेवूया. दार इंग्रजांनीच उघडलं, परदेशी पाहुणे नंतर आले.

ब्लॅकबर्नमध्ये पहिला धनिक तर गावचाच होता. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॅक वॉकर यांनी १९९१ साली क्लब हातात घेतला, पैसा ओतला, आणि १९९५ साली क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. पण क्लब एका माणसाच्या तिजोरीवर उभा राहण्याची सवय तेव्हाच लागली. २००० साली ते गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब विकला, तो पुण्याच्या कुक्कुटपालन उद्योगातल्या व्यंकीज समूहाला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड.

महिनाभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं गेलं. मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. आपल्याला हसू येतं, पण ते रडणं होतं. २०१७ साली क्लब तिसऱ्या पायरीवर गेला आणि वर्षभराने एक पायरी वर आला.

इथे आपण न्याय करताना घाई करू नये. ग्लेझर कुटुंबाने क्लब घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. पुण्याच्या मालकांनी तसं केलं नाही, वर्षानुवर्षं तोटा स्वतःच्या खिशातून भरला. तरीही गाव दुखावलेलंच राहिलं. असं का? कारण प्रश्न फक्त पैसा कुठल्या दिशेला वाहतो एवढाच नाही. प्रेक्षकाने जाब विचारायचा कुणाला, हा खरा प्रश्न आहे. वॉकर गावचेच होते, पुणे हजारो मैल दूर. मालक परदेशी असणं हा दोष नव्हे, मालकाला गावापुढे उभं राहावं न लागणं हा दोष आहे. आणि तो देशी मालकातही असू शकतो.

जर्मनीत, काही अपवाद सोडले तर, क्लबातली निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडे राहतात. इंग्लंडनेही २०२५ साली कायदा करून स्वतंत्र नियामक नेमण्याचं ठरवलं. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, विश्वस्त. देवस्थानाचा विश्वस्त तिजोरी सांभाळतो, पण देव त्याचा होत नाही. धनिकांनी संपत्तीकडे असंच बघावं, हे डार्वेनला जाऊन आलेले गांधीजीच सांगत होते.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपली म्हण आहे. या गोष्टीतल्या मालकांचं आडनावही राव, हा निव्वळ योगायोग. पण रावाने पैसा दिला तरी गावाची जागा त्याला घेता येत नाही, एवढं ब्लॅकबर्नकडून आपण शिकलो तरी पुष्कळ झालं.

आता आपण प्रश्नांकडे वळू.