दोनशे रुपयांचा मालम, पंधरा रुपयांचा सुकाणी

सोळाव्या शतकात गुजरातच्या बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर वाट जाणणारा एक असे आणि सुकाणू धरणारा दुसरा. वाट जाणणारा तो मालम, सुकाणू धरणारा तो सुकाणी. आजच्या नौदलाच्या विमानातही अशीच जोडी असते: ऑब्झर्व्हर दिशा, रडार आणि शस्त्रे सांभाळतो, पायलट विमान चालवतो. कामांची वाटणी जुनीच आहे, मान मात्र पार उलटा झाला आहे. आज ऑब्झर्व्हरने पायलट होण्यासाठी धडपड केली तर कोणाला नवल वाटत नाही. अकबराच्या काळात मालमाने सुकाणी होण्याची इच्छा धरली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

अकबराच्या दरबारातील अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांची यादी आणि त्यांचे दर आहेत. बंगालमधील सातगाव बंदरात जहाजाचा प्रमुख असलेल्या नाखुद्याला ४०० रुपये, मालमाला २००, खलाशांचा प्रमुख असलेल्या तांडेलाला १२०, हिशेब ठेवणाऱ्या कराण्याला ५०, सारंगाला २५ आणि सुकाण्याला १५. डोलकाठीवर चढून जमीन, जहाज किंवा वादळ दिसताच ओरडणाऱ्या पंजरीलाही पंधराच. गुजरातच्या खंबायत बंदरात नाखुद्याला ८०० मिळत आणि बाकीच्यांचे दर त्याच प्रमाणात वाढत. त्या हिशेबाने खंबायतेचा मालम ४०० वर जातो, सुकाणी ३० वर. मालमाला समुद्राची खोली, उथळ जागा आणि ग्रहताऱ्यांचे ज्ञान हवे आणि जहाज मुक्कामी नेण्याची जबाबदारी त्याची, असे अबुल फजल सांगतो. सुकाणी त्याच्या हुकुमाप्रमाणे जहाज वळवी. सारंगाचे खरे काम जहाज धक्क्याला लावण्याचे. पण तो पुष्कळदा मालमाच्या जागी उभा राहत असे. वर चढायची एक पायरी ती असावी.

हुद्द्यांचा भाव बंदरागणिक बदले. कोळ्यांच्या होडीवर मालक तो नाखवा आणि होडी चालवणारा तो तांडेल. शिवाजी महाराजांच्या आरमारात तर दर्यासारंग हा बड्या सरदाराचा किताब झाला. अबुल फजलच्या पंचवीस रुपयांच्या सारंगाने त्याच्याकडे पाहून डोळेच विस्फारले असते.

अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली. खंबायतेची खाडी गाळाने भरत चालली होती, आणि पुढच्या शतकात मोखा, जेद्दा, बसरा या बंदरांशी चालणारा व्यापार आणि हजची वाहतूक सुरतेकडे वळली. या लांबच्या वाटांवर मालमाचे मुख्य हत्यार म्हणजे लाकडाची एक चौकोनी फळी. तिच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी निघे. दोरी दातांत धरायची, फळी डोळ्यांसमोर ताणायची आणि खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर येईपर्यंत पुढेमागे करायची. मग दातांजवळ कितवी गाठ आली ते मोजायचे. ध्रुव सुरतेत क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर दिसतो, मोख्याला सुमारे १३. ठरलेल्या बंदराची गाठ जुळली की जहाज त्या रेषेवर धरून पूर्वेला किंवा पश्चिमेला न्यायचे. हे कागदावर सोपे दिसते. हलत्या डेकवर, ढगाळ रात्री तेच करणाऱ्याचे दोनशे रुपये वाजवी होते.

या ज्ञानाची कीर्ती दूरवर गेली होती. वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ रोजी पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून निघाला आणि मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचला. त्याच्या जहाजावरचा वाटाड्या गुजरातचा मुसलमान होता आणि त्याचे नाव मालेमो काना, असे पोर्तुगीज इतिहासकार बारुश लिहितो. नावातला ‘मालेमो’ म्हणजे आपला मालमच.

किनाऱ्याजवळ मात्र ताऱ्यांचा उपयोग नव्हता. सुरतेजवळ तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असत, म्हणून मोठी जहाजे जवळच्या सुवालीला नांगर टाकत. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे ५ सप्टेंबर १६१२ रोजी तिथेच आली. भारतीय नौदल आपला उगम याच दिवसापासून मोजते. नोव्हेंबरात कंपनीच्या जहाजांचा कप्तान थॉमस बेस्ट याने पोर्तुगीजांशी झुंज दिली, तेव्हा पोर्तुगीजांची काही जहाजे त्याच वाळूत रुतली. सतराव्या शतकात सुरतेच्या जहाजांवर इंग्रज आणि डच वाटाडेही नोकरीला राहू लागले. पैसा अजूनही वाट जाणण्यालाच मिळत होता.

विमान आले तेव्हा सुरुवातीला हाच क्रम राहिला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनांच्या दोन आसनी विमानात ऑब्झर्व्हर हा अधिकारी असे आणि पायलट पुष्कळदा त्याचा सारथी. मानफ्रेड फॉन रिचथोफेन १९१५ मध्ये ऑब्झर्व्हर म्हणूनच उडू लागला. त्याच वर्षी तो पायलटच्या प्रशिक्षणाला गेला. पहिल्याच एकट्याच्या उड्डाणात त्याने विमान आपटले, तरी नाताळपर्यंत परीक्षा पार केली. पुढे हवाई लढतींत त्याच्या नावावर ८० विजय लागले. एकआसनी लढाऊ विमानांनी क्रम उलटवला. सुकाण्याची चूक सुधारायला जहाजावर वेळ मिळतो. विमानात पायलटची चूक सुधारायला काही क्षणच असतात. पुढे वाट शोधण्याचे बरेचसे काम यंत्रांनी उचलले. मालमाचे वजन कमी झाले ते इथे.

अमेरिकी नौदलाने १९६५ मध्ये ऑब्झर्व्हरसारखे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘नेव्हल फ्लाइट ऑफिसर’ हा हुद्दा दिला, आणि स्क्वाड्रनचे नेतृत्व करण्याची कायदेशीर मुभा त्यांना १९७० मध्ये मिळाली. पायलट व्हायचे तर मात्र वयाची आणि वैद्यकीय अट पार करून उड्डाण मुळापासून शिकावे लागते. हवामान, संदेशवहन, नकाशा यांचा अनुभव कामी येतो. विमान उतरवणे नव्यानेच शिकायचे असते.

भारतीय नौदलाच्या ऑब्झर्व्हरांचे प्रशिक्षण कोचीला होते.  स्त्रियांसाठीही आधी ऑब्झर्व्हरचेच दार उघडले, २००९ मध्ये. पायलटचे दार उघडायला आणखी दहा वर्षे लागली: २ डिसेंबर २०१९ रोजी कोचीत सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला पायलट झाल्या.