मधुमेह-नियंत्रणाचे मापन
मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा उपचारांनी कितपत आटोक्यात आहे, हे अजमाविण्याच्या पद्धतींचा इतिहास बऱ्याच अंशी स्वस्त व महाग परीक्षांमधील निवडीचा इतिहास आहे. मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यांनी १७७६ मध्ये रुग्णाचे मूत्र आटवून त्यातील साखर वेगळी केली. तथापि दवाखान्यात रोज करण्याजोगी सोपी परीक्षा १९०८ च्या सुमारास स्टॅन्ली बेनिडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या विद्रावामुळे मिळाली. मोरचूद, धुण्याचा सोडा व सोडियम सायट्रेट यांचा हा निळा विद्राव ५ मिलि. घेऊन त्यात मूत्राचे ८ थेंब टाकून उकळल्यास साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी वा विटकरी रंग येतो. स्पिरिटचा दिवा व काचनळी एवढ्यावर भागत असल्यामुळे ती कित्येक दशके टिकून राहिली.

तिच्यातील उणीव मात्र गंभीर आहे. रक्तशर्करा १०० मिलि.मध्ये सुमारे १८० मिग्रॅ.च्या वर गेल्याखेरीज साखर सामान्यतः मूत्रात उतरत नाही. ही मर्यादा वृद्धांत बहुधा वर सरकते, गर्भवतींत खाली येते. शिवाय विद्राव निळाच राहिला, तर रक्तशर्करा योग्य आहे की धोकादायक रीत्या घसरली आहे, हे कळत नाही. इन्शुलीन घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा होय.

१९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या निघाल्या व पुढे त्या वाचणारी यंत्रे आली. यंत्र एकदाच घ्यावयाचे असते, पट्ट्या मात्र सतत. म्हणून देणगीत मिळालेले यंत्रही पट्ट्या संपताच निरुपयोगी ठरते.

तेहरान येथील सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या हीमोग्लोबिनातील एक विशिष्ट अंश वाढलेला आढळला (१९६८). हाच हीमोग्लोबिन ए१सी. तांबड्या कोशिका सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखविले की, हा अंश ७ टक्क्यांच्या आसपास राखल्यास डोळे, मूत्रपिंडे व तंत्रिका यांची हानी बरीच टळते. परंतु परीक्षा खर्चिक आहे आणि सर्वत्र सारखी विश्वसनीयही नाही. लोहन्यूनतेच्या पांडुरोगात अंश खोटा वाढलेला दिसू शकतो. दात्रकोशिका (सिकलसेल) विकारात कोशिका अल्पायुषी असल्याने तो खोटा कमी येतो. विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी भागांत हा विकार बराच आढळत असल्याने तेथे केवळ या आकड्यावर विसंबणे युक्त नव्हे. ही परीक्षा उपलब्ध नसेल तेथे उपाशीपोटीच्या रक्तशर्करेवरून नियंत्रण पाहण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शनात मुभा आहे.